एएफएल ड्राफ्ट: अठरा वर्षांच्या पोरात क्लब नेमकं काय बघतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमसीजी आपल्याला बॉक्सिंग डे कसोटीमुळे माहीत. मेलबर्नकरांसाठी मात्र हिवाळाभर ते ‘फूटी’चं मैदान असतं. लंबगोल चेंडू, एका बाजूला अठरा खेळाडू, आणि झेल, चेंडूला लाथ नि ठोसा, धडक असं सगळं चालणारा हा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. त्याची सर्वोच्च लीग म्हणजे एएफएल. सप्टेंबरअखेर ग्रँड फायनल आटोपली की सगळ्या क्लबांचं लक्ष सतरा-अठरा वर्षांच्या मुलांकडे वळतं, कारण नोव्हेंबरात राष्ट्रीय ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम, असतो. ही मुलं कशी जोखली जातात, याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं पुरुषांच्या एएफएलपुरती आहेत. महिलांच्या लीगचा ड्राफ्ट 2016 पासून वेगळा होतो आणि त्याचं गणितही वेगळं आहे.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलावच ना?

नाही. लिलावात पैसा बोलतो, इथे पाळी बोलते. गुणतक्त्यात तळाला राहिलेल्या क्लबाला पहिली निवड आणि विजेत्याला शेवटची. नवख्यांचा पगार आधीच ठरलेला असल्यामुळे जास्त पैसे दाखवून कुणाला ओढता येत नाही. मुलालाही क्लब निवडता येत नाही. पर्थचा मुलगा मेलबर्नला जातो, मेलबर्नचा ब्रिस्बेनला.

ही पद्धत 1986 पासून आहे. सध्या अठरा क्लब आहेत आणि टास्मानिया एकोणिसावा म्हणून येऊ घातला आहे. ड्राफ्टच्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणारा मुलगा पात्र ठरतो. राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये साधारण साठ-सत्तर नावं पुकारली जातात. म्हणजे एका क्लबाच्या वाट्याला तीन-चार मुलं. चांगली निवड दहा-बारा वर्षं पुरते, चुकलेली निवडही तितकीच वर्षं बोचते.

मुलांवर नजर कधीपासून असते?

सोळा वर्षांखालच्या राज्य संघांपासून नावं वह्यांत चढायला लागतात. व्हिक्टोरियात यासाठी स्वतंत्र टॅलेंट लीग आहे. ती 1992 मध्ये टीएसी कप या नावाने सुरू झाली आणि प्रायोजक बदलतील तशी नावं बदलत गेली. ओकली चार्जर्स, सँडरिंगहॅम ड्रॅगन्स, जीलाँग फाल्कन्स, बेंडिगो पायोनियर्स असे तिचे संघ प्रदेशांनुसार वाटलेले आहेत. दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात हेच काम तिथल्या जुन्या लीगच्या क्लबांचे कुमार संघ करतात. मेलबर्नच्या मोठ्या खासगी शाळांचे सामनेही क्लबांची माणसं चुकवत नाहीत. मात्र सगळ्यात जास्त वजन अठरा वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेला. तिथे राज्य विरुद्ध राज्य खेळतं, म्हणजे चांगल्याची गाठ चांगल्याशीच पडते. आपल्या गावात पोरासोरांना लोळवणारा तिथे काय करतो, ते उघड दिसतं.

सामना बघताना रिक्रूटर काय टिपतो?

रिक्रूटर म्हणजे क्लबासाठी मुलं निवडणारी माणसं. पूर्णवेळ थोडी, अर्धवेळ बरीच. त्यांच्या शेजारी बसून सामना बघितला तर गंमत वाटते: चेंडू एका टोकाला आणि यांची नजर दुसऱ्या टोकाला. चेंडू हातात असताना मुलगा काय करतो हे चित्रफितीत नंतर दिसतंच. चेंडू नसताना तो काय करतो, यासाठी मैदानावर यावं लागतं. आपला माणूस चेंडू हरवून बसला की हा परत फिरून पळतो का? दमल्यावर पळतो का? सोपा झेल सुटल्यावर पुढची पाच मिनिटं कुठे दडून बसतो का? बदली होऊन बाहेर आल्यावर प्रशिक्षकाचं ऐकतो, की पाण्याची बाटली आपटतो?

चेंडूच्या कामात पहिली गोष्ट हात. या खेळातला चेंडू लंबगोल, जमिनीवर पडला की कुठे उडेल ते सांगता येत नाही. गुडघ्याखालचा चेंडू धावता धावता पहिल्याच हाती उचलणारा मुलगा अर्धा सेकंद कमावतो, आणि वरच्या पातळीवर तेवढाच वेळ मिळतो. मग पाय. डाव्या-उजव्या दोन्ही पायांनी मारता येतं का, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मारलेला चेंडू आपल्या माणसाला सोयीचा पडतो का. अंगावर माणूस असताना मारलेली वीस मीटरची साधी किक मोकळ्यात मारलेल्या पंचावन्न मीटरच्या किकपेक्षा जास्त सांगून जाते.

यानंतरची गोष्ट शिकवता येत नाही असं मानतात: चेंडू कुठे जाणार हे आधी कळणं. चार जण पळत असताना पाचवा शांतपणे बरोबर जागी उभा असतो. असा मुलगा घड्याळावर हळू आणि मैदानावर वेगवान दिसतो. माझ्या मते चांगला रिक्रूटर आणि नुसता आकडे गोळा करणारा यांच्यातला फरक इथेच कळतो.

या सगळ्यामागे एकच प्रश्न असतो. आज हा कसा खेळतोय, यापेक्षा बावीसाव्या वर्षी कसा खेळेल? आजचा सर्वोत्तम कुमार खेळाडू निवडायचा असता तर काम सोपं होतं. त्यासाठी आकड्यांचा तक्ता पुरे होता.

मग आकडेवारीचा उपयोग काय?

भरपूर. चॅम्पियन डेटा ही कंपनी एएफएलसाठी आकडे टिपते आणि कुमार सामन्यांचेही आकडे क्लबांकडे असतात. पण नुसते किती चेंडू मिळाले ते बघून भागत नाही. झटापटीतून किती मिळवले आणि मोकळ्यात आयते किती मिळाले, हे वेगळं काढतात. मधल्या फेकीनंतरच्या गर्दीतून किती वेळा चेंडू बाहेर काढला, समोरच्याला किती वेळा धरून पाडलं, याची नोंद होते. जीपीएसच्या पट्ट्यांमुळे धाव आणि वेगही कळतो.

एक सापळा मात्र आहे. काही मुलं शाळेकडून, टॅलेंट लीगमधून, राज्याकडून आणि कधी मोठ्यांच्या राखीव संघातून अशी चार ठिकाणी खेळतात. मोठ्या पुरुषांविरुद्ध मिळालेले दहा चेंडू आणि शाळेच्या सामन्यातले तीस, यांत जास्त किंमत बऱ्याचदा दहांची असते.

कंबाइनमध्ये काय होतं?

ऑक्टोबरात निवडक मुलांना बोलावून शारीरिक चाचण्या घेतात. कुणाला बोलवायचं हे क्लबांच्या पसंतीवरून ठरतं. पूर्वी याला ड्राफ्ट कँप म्हणत आणि तो कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टमध्ये व्हायचा. नंतर तो मेलबर्नला आला. वीस मीटरची दौड, जागेवरून उंच उडी, धावत येऊन उंच उडी, वळणांची चपळाईची चाचणी आणि दोन किलोमीटर धाव हा मुख्य भाग. पूर्वी दमाची परीक्षा बीप टेस्टने, म्हणजे वाढत्या वेगाच्या बीपच्या तालावर धावायला लावून, घेत.

वीस मीटर 2.9 सेकंदांच्या आत म्हणजे दखल घ्यावी असा वेग. दोन किलोमीटर सहा मिनिटांच्या आसपास म्हणजे उत्तम दम. उंची, वजन, हातांचा पल्ला मोजतात. कातडीखालची चरबी चिमटीत धरून मोजायची जुनी पद्धत कुमार खेळाडूंसाठी 2022 मध्ये बंद केली. वाढत्या वयाच्या मुलांच्या मनात खाण्याबद्दल आणि शरीराबद्दल ती भीती घालत होती. उशिरा का होईना, बरं झालं.

चाचण्यांत पहिला आलेला मुलगा वर जातो का?

थोडा जातो. आधीच आवडलेल्या मुलाबद्दल खात्री वाढते, आणि कमी बघितलेल्या मुलाचे सामने पुन्हा काढून बघायला आकडे भाग पाडतात. 2008 मध्ये पर्थच्या निक नैतानुईने दोन मीटर उंचीचा असूनही धावत येऊन एक मीटरहून जास्त उडी मारली. पण तो दुसऱ्या क्रमांकावर गेला तो त्या उडीमुळे नव्हे. एवढा उंच मुलगा जमिनीवरच्या चेंडूमागेही धावताना सगळ्यांनी आधीच पाहिलं होतं.

उलट बाजूची उदाहरणं जास्त आहेत. सॅम मिचेल बुटका आणि हळू म्हणून एका ड्राफ्टमध्ये कुणीच घेतला नाही. पुढच्या वर्षी, 2001 मध्ये, हॉथॉर्नने 36 व्या क्रमांकावर घेतला. तो हॉथॉर्नचा कर्णधार झाला, आणि 2012 चं ब्राउनलो पदकही, आधीच्या विजेत्याकडून काढून घेतल्यानंतर, त्याच्या नावावर लागलं. हे पदक म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. लॉकी नील 2011 मध्ये 58 व्या क्रमांकापर्यंत खाली घसरला. उंची जेमतेम 177 सेंटिमीटर. त्याला ते पदक 2020 आणि 2023 असं दोनदा मिळालं. दोघांनाही चेंडू कुठे जाणार ते आधी कळायचं, आणि ते मोजणारी चाचणी अजून कुणी काढलेली नाही.

जन्मतारखेला एवढं महत्त्व का?

एकाच ड्राफ्टमध्ये जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला, दोघेही असतात. सतराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे खांदे भरलेले असणं आणि नसणं. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं लहानपणापासून निवडली जातात, त्यांना चांगले प्रशिक्षक मिळतात, आणि फरक वाढत जातो. म्हणून हुशार क्लब नावापुढे महिना लिहितात. आई-वडिलांची उंचीही विचारतात, मोठा भाऊ कधी वाढला तेही. पोरगा अजून वाढणार आहे का, एवढंच त्यांना हवं असतं.

उंच खेळाडूंच्या बाबतीत धीर आणखी लागतो. मॅक्स गॉन 2009 मध्ये 34 व्या क्रमांकावर मेलबर्नकडे आला. गुडघ्याच्या दुखापती, मंद सुरुवात, आणि नाव व्हायला 2016 उजाडलं. 2021 मध्ये 57 वर्षांनी क्लबाने विजेतेपद जिंकलं तेव्हा कर्णधार तोच होता. उंच माणसाला पहिल्या पाचात घ्यायला क्लब कचरतात ते याचसाठी: तो तयार होईपर्यंत प्रशिक्षकाची नोकरी टिकेलच असं नाही.

मुलाखतीत काय विचारतात? घरीही येतात म्हणे?

येतात. क्लबाची दोन-तीन माणसं संध्याकाळी घरी येतात, आई-वडिलांसोबत बसतात. मुलगा आईशी कसा बोलतो, ताटल्या कोण उचलतं, वडीलच सगळी उत्तरं देतात का, हे ते न विचारता बघतात. शाळेतले शिक्षक, जुने प्रशिक्षक, सुट्टीत दुकानात काम केलं असेल तर तिथला मालक, सगळ्यांना फोन जातात. समाजमाध्यमांवरचं जुनं लिखाण चाळलं जातं. मानसशास्त्रीय प्रश्नावल्याही भरून घेतात.

मुलाखतीतले प्रश्न दिसायला साधे असतात. तुझा सगळ्यात वाईट सामना कोणता? तुझ्याबरोबरच्या मुलांपैकी तुझ्याआधी कुणाला घ्यावं? कधी मुलाच्याच चुकीची चित्रफीत लावतात आणि गप्प बसतात. इथे घोटाळा असा, की हल्ली मुलांचे मॅनेजर त्यांच्याकडून उत्तरं घोटून घेतात. ‘मला सतत शिकायला आवडतं’ हे वाक्य ऐकून रिक्रूटरांचे कान किटले असतील. त्यामुळे खोलीतल्या मुलाखतीपेक्षा शाळेच्या शिपायाचं मत मला जास्त विश्वासाचं वाटतं. क्लबांनाही ते कळतं.

जुनी दुखापत असेल तर नाव कट होतं का?

कट होत नाही, खाली सरकतं. प्रत्येक क्लबाचे डॉक्टर तपासणीचे अहवाल बघतात आणि आपापला धोका मोजतात. 2001 मध्ये ल्यूक हॉज पहिला, ल्यूक बॉल दुसरा आणि क्रिस जड तिसरा गेला. जडच्या दोन्ही खांद्यांच्या शस्त्रक्रियांची धास्ती होती. वेस्ट कोस्टने ती पत्करली. 2004 मध्ये त्याने ब्राउनलो जिंकलं, 2006 मध्ये कर्णधार म्हणून विजेतेपद, आणि पुढे कार्लटनकडून 2010 मध्ये पुन्हा ब्राउनलो. हॉजने हॉथॉर्नला चार विजेतेपदं दिली, त्यामुळे पहिली निवड चुकली असं कुणी म्हणणार नाही.

घरापासून लांब जायला मुलगा तयार नसेल तर?

हा सगळ्यात नाजूक हिशेब. मुलगा नाही म्हणू शकत नाही, पण कराराची पहिली वर्षं संपली की, कधी त्याआधीही, घरी जायला मागू शकतो. जेसन हॉर्न-फ्रान्सिस हा दक्षिण ऑस्ट्रेलियाचा. 2021 मध्ये नॉर्थ मेलबर्नने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि एकाच मोसमानंतर तो पोर्ट ॲडलेडला परतला. म्हणून पर्थ किंवा ब्रिस्बेनचे क्लब मुलाखतीत घराबद्दल बरंच खोदून विचारतात: गर्लफ्रेंड कुठे असते, धाकटी भावंडं किती, बोर्डिंगात राहिलायस का. शेतावर वाढलेला, बाराव्या वर्षी वसतिगृहात गेलेला मुलगा त्यांना आवडतो.

पहिल्या क्रमांकाची निवड कितीदा चुकते?

‘चुकते’ हा शब्द मला पटत नाही, पण उदाहरण घ्या. 2013 मध्ये ग्रेटर वेस्टर्न सिडनीने उंच फॉरवर्ड टॉम बॉइडला पहिलं घेतलं. मार्कस बोन्टेम्पेली चौथा गेला आणि पॅट्रिक क्रिप्स तेरावा. बोन्टेम्पेली 24 नोव्हेंबरचा, म्हणजे वर्गातला धाकटा. शेवटच्या वर्षात झपाट्याने वर आला. आज तो वेस्टर्न बुलडॉग्जचा कर्णधार आहे, आणि क्रिप्सच्या नावावर दोन ब्राउनलो आहेत. बॉइड एका मोसमानंतर बुलडॉग्जकडेच आला, पुढे मानसिक आरोग्याच्या कारणाने 2019 मध्ये लवकर निवृत्त झाला. यादी बघून म्हणाल, निवड फसली. पण 2016 ची ग्रँड फायनल बघा. बासष्ट वर्षांनी बुलडॉग्ज जिंकले, आणि बॉइडने तीन गोल मारले.

दुसरं उदाहरण जॅक वॉट्सचं. 2008 चा पहिला क्रमांक. शाळेत बारावीला असताना मेलबर्नने त्याला 2009 मध्ये जून महिन्याच्या सुट्टीच्या मोठ्या सामन्यात, कॉलिंगवुडविरुद्ध उतरवलं. क्लबाची अवस्था वाईट, प्रशिक्षक बदलत राहिले. मुलाची पारख चुकली की मुलाला वाढवण्यात चूक झाली, हे अशा वेळी वेगळं काढता येत नाही. रिक्रूटरला शिव्या पडतात, वाढवणारे सुटतात.

बापाच्याच क्लबात मुलगा कसा जातो? ही वशिलेबाजी नाही?

नियमच तसा आहे. वडील क्लबाकडून शंभर सामने खेळले असतील तर मुलावर क्लबाचा पहिला हक्क. मात्र तो फुकट मिळत नाही. प्रत्येक निवडीची किंमत गुणांत ठरलेली असते; दुसऱ्या क्लबाने त्याचं नाव घेतलं की बापाच्या क्लबाला त्या क्रमांकाच्या किमतीचे गुण आपल्या निवडींतून मोजावे लागतात, त्यावर थोडी सूट. ती 2025 पासून निम्म्यावर आणली. 2021 मध्ये गोल्ड कोस्टने चौथ्या क्रमांकावर निक डेकॉसचं नाव घेतलं आणि कॉलिंगवुडने किंमत भरून त्याला घेतलं. त्याचे वडील पीटर हे तिथले दिग्गज. पारखण्याच्या दृष्टीने फायदा वेगळाच आहे: असा मुलगा क्लब दहाव्या वर्षापासून जवळून बघत असतो.

एक मोसम खेळताच आलं नाही तर?

2020 मध्ये करोनामुळे व्हिक्टोरियाच्या मुलांची लीग झालीच नाही. क्लबांनी 2019 च्या, म्हणजे सोळा-सतराव्या वर्षीच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा बघितल्या, मुलाखती ऑनलाइन घेतल्या आणि अंदाज बांधला. ॲडलेड, पर्थमध्ये सामने झाल्यामुळे तिथली मुलं डोळ्यांसमोर होती.

अठराव्या वर्षी कुणी घेतलं नाही, तर दार बंद?

अजिबात नाही. मॅट प्रिडिस रूकी यादीतून, म्हणजे मुख्य यादीबाहेरच्या नवख्यांच्या दुय्यम यादीतून, आला आणि 2014 चं ब्राउनलो घेऊन गेला. टॉम स्टुअर्टला जीलाँगने 2016 मध्ये घेतलं तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. 2019 पासून मोसमाच्या मध्यावरही छोटा ड्राफ्ट होतो. त्याच वर्षी त्यातून आलेला मार्लियन पिकेट सत्तावीस वर्षांचा होता, आणि त्याने रिचमंडकडून पहिला सामना खेळला तो थेट ग्रँड फायनल. मोठ्या वयाचा खेळाडू घेण्यात अंदाज कमी आणि पुरावा जास्त असतो, म्हणून क्लब आता हे दार जास्त वापरतात.

दुसऱ्या खेळांतूनही माणसं येतात. आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलमधला जिम स्टाइन्स 1991 चा ब्राउनलो विजेता. अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमधला मेसन कॉक्स 211 सेंटिमीटर उंच. अशांच्या बाबतीत अंगकाठी आणि चेंडूशी जुळणारे हात बघतात. बाकीचं शिकवायचं ठरवूनच घेतात.

आमचा मुलगा मेलबर्नमध्ये ऑसकिक, म्हणजे लहान मुलांची फूटी, खेळतो. मराठी घरातल्या पोराला यात वाट आहे का?

आहे, आणि ती अनेकांना माहीत नसते. 2016 पासून क्लबांच्या ‘नेक्स्ट जनरेशन’ अकादम्या आहेत. मूळनिवासी मुलांबरोबरच आशिया-आफ्रिकेत जन्मलेल्या किंवा तिथे जन्मलेल्या आई-वडिलांच्या मुलांसाठी त्या आहेत. प्रत्येक क्लबाला भाग वाटून दिलेले असतात, त्यामुळे तुमच्या उपनगरावर कोणता क्लब ठरतो ते आधी बघा. सिडनी आणि ब्रिस्बेनच्या बाजूला चार क्लबांच्या अकादम्या त्यांच्या भागातल्या सगळ्याच मुलांसाठी खुल्या असतात.

बारा वर्षांपर्यंत मात्र निवडीचा विचार सोडा. ऑसकिकनंतर स्थानिक क्लबाच्या कुमार संघात नाव घाला, दोन्ही पायांनी मारायची सवय लावा. उन्हाळ्यात क्रिकेट खेळू द्या: उंच झेलाखाली जाण्याची सवय इथे थेट कामाला येते. चौदा-पंधराव्या वर्षी प्रादेशिक संघाच्या चाचण्या सुरू होतात, त्यांची सूचना स्थानिक क्लबाकडूनच मिळते.